उटिला बेट, पम्पकिन हिलचा किनारा: जाणाऱ्यांनी आधी हे वाचावे

एप्रिलमध्ये पम्पकिन हिलच्या किनाऱ्यावर काटेरी शेपटीच्या इग्वानाच्या माद्या अंडी घालायला येतात, आणि तिथली भटकंती म्हणजे निवांत फेरफटका असतो, असे मला निघण्यापूर्वी सांगण्यात आले होते. यांतले पहिले विधान खरे निघाले. दुसरे करणारा माणूस वाळूच्या पट्ट्यापलीकडे कधी गेलाच नसावा.

हा इग्वाना, म्हणजे एक मोठा सरडा, जगात फक्त मध्य अमेरिकेतल्या होंडुरासच्या उटिला बेटावर आढळतो. त्याचे शास्त्रीय वर्णन १९०१ मध्ये झाले आणि आज त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत आहे. तो खारफुटीत राहतो, म्हणून बेटावरचे लोक त्याला ‘स्वॉम्पर’ म्हणतात. मात्र खारफुटीच्या पाणथळ चिखलात अंडी टिकत नाहीत, म्हणून मादीला दलदल सोडून कोरड्या, उन्हाने तापणाऱ्या वाळूपर्यंत यावेच लागते. खारफुटी राखली आणि किनाऱ्यावर बंगले उभे राहिले, तर राखलेल्या खारफुटीचा उपयोग शून्य. शिवाय मांस आणि अंडी दोन्ही मिळतात म्हणून शिकारी गाभण मादीच्याच मागे असतात. २०१० पासून या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, पण बेटावरच्या स्वयंपाकघरापर्यंत ते कसे पोहोचणार?

गावातल्या भिंतीवर ऊन खात बसलेला धिप्पाड सरडा दाखवून कोणी ‘हाच तो’ म्हणाले, तर विश्वास ठेवू नये. तो बहुधा ‘हायलँडर’ असतो, म्हणजे मुख्य भूमीवरही सर्रास दिसणारा काळा इग्वाना. मी त्याचे पाऊण तास फोटो काढले. गावातल्या इग्वाना केंद्रात दोन्ही प्राणी पाहायला मिळतात. तिथे आधी जावे, म्हणजे अशी फजिती होणार नाही.

आता त्या वाटेविषयी. किनाऱ्यापर्यंतचा रस्ता साधा आहे, पण वाळूचा पट्टा संपला की जुन्या प्रवाळाचा काळा, सुरीसारखा धारदार खडक सुरू होतो. पुढचे वाळूचे तुकडे पाहण्यासाठी तो ओलांडण्याचा हट्ट मी केला आणि दोन तासांत जाड तळाच्या बुटांची अक्षरशः चाळण झाली. चपला घालून येणाऱ्याने इथे पाऊलही टाकू नये. त्यात सँडफ्लाय! डोळ्यांना धड न दिसणारी ही चिलटे मोज्यांच्या वरच्या कडेशी इतकी चावली की मी तीन रात्री झोपले नाही, आणि हे लिहितानाही खाजवतेच आहे. लांब बाह्या, लांब विजार आणि अंगाला लावायचे औषध यांवाचून जाणे हा निव्वळ मूर्खपणा आहे.

रिक्षावाल्याने जाताना लेंपिरात, म्हणजे होंडुरासच्या चलनात, सांगितलेला भाड्याचा आकडा परतताना ‘माणशी आणि एका फेरीचा’ झाला. भाडे सगळ्यांचे मिळून, जाऊन-येऊन, असे आधीच ठरवून घ्यावे.

लाटांबरोबर आलेल्या प्लास्टिकचा थर वाळूवर घोट्याएवढा साचला होता. मादीला खणायला जागा तरी कुठली? आम्ही सकाळभर तो उचलला. तो हातानेच उचलावा, फावडे किंवा दाताळे लावू नये, कारण खाली अंड्यांनी भरलेले बीळ असू शकते. किनारा ‘स्वच्छ’ करण्याच्या उत्साहात वाळू धरून ठेवणारी झुडपे उपटणे तर त्याहून वाईट. ताजी उकरलेली वाळू दिसली की वळसा घालावा. दुपारी मोकळ्या केलेल्या वाळूच्या कडेला एक मादी मागच्या पायांनी वाळू उडवत होती. मी तिच्यापासून लांब, पोटावर पडून, चिलटांना पोसत तासभर हललेही नाही. त्या तासासाठी ही सगळी यातायात मी पुन्हा करीन, पण मादी दिसेलच असे कोणालाही सांगणार नाही.

उरलेले चार दिवस प्रवाळ पाहण्यात गेले. ते सुखाचे होते, इतकेच.

अंडी फुटायला साधारण ८५ दिवस लागतात. पिल्ले पाहायची असतील तर जुलै-ऑगस्ट गाठावा. सँडफ्लाय तेव्हाही असतीलच.