भायखळा ते माहीम, पायी

डिसेंबरात माहीमच्या मखदूम बाबा या सूफी संताचा उरूस सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातली काही मंडळी पायी निघतात. शेजारीपाजारी पंढरीचे वारकरी, त्यामुळे आमच्या घरातही या चालण्याला वारीच म्हणतात. फज्रची, म्हणजे पहाटेची नमाज झाली की भायखळ्याहून निघायचं. लालबाग, परळ, हिंदमाता, मग टिळक पुलावरून दादर पश्चिमेला, आणि शिवाजी पार्कच्या अंगानं माहीम. पुढे चाचा असतात. आयुष्यभर शिलाई मशीन चालवलेला माणूस, पण कुराण आणि हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, यांचं वाचन दांडगं.

यंदा चिंचपोकळी यायच्या आतच कुरबुर झाली. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं नवेकोरे बूट घातले होते. अनवाणी चालणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला सगळ्यांसमोर टोकलं, "वलीच्या, संताच्या दारी निघालास की लग्नाला?" पोराचं तोंड एवढंसं झालं.

चाचा म्हणाले, "मियाँ, हा सवाल खुद्द पैगंबरांसमोर येऊन गेलाय." आणि चालता चालता त्यांनी हदीस सांगितली. ज्याच्या मनात कणभर तकब्बुर, म्हणजे गर्व असेल तो जन्नतमध्ये जाणार नाही, असं पैगंबर म्हणाले. तेव्हा एकानं विचारलं, माणसाला चांगले कपडे, चांगल्या वहाणा आवडतात, त्याचं काय? उत्तर आलं: अल्लाह सुंदर आहे, त्याला सौंदर्य आवडतं. तकब्बुर म्हणजे सत्य झिडकारणं आणि माणसांना तुच्छ लेखणं.

लालबागपर्यंत माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. गर्व बुटात नाही, तसा तो अनवाणी पायातही आपोआप संपत नाही. उलट इबादतीतून, उपासनेतून उगवलेला गर्व मला सगळ्यांत भयंकर वाटतो, कारण तो ओळखूच येत नाही. इब्लिसचं, म्हणजे सैतानाचंच बघा. चोरी नाही, लबाडी नाही. पहिला माणूस आदम, त्याच्यापुढे झुकायचा अल्लाहचा हुकूम झाला तेव्हा तो म्हणाला, "मी त्याच्याहून श्रेष्ठ. मला तू आगीतून घडवलंस, त्याला मातीतून." तेवढ्यावर सगळं गेलं. ११११ साली वारलेल्या इमाम गझाली या विद्वानांनी 'इह्या' या आपल्या ग्रंथात गर्वाची मुळं सांगितली आहेत. घराणं, रूप, ताकद, पैसा, गोतावळा हे सगळं त्यात आहेच, पण इल्म, म्हणजे ज्ञान, आणि इबादत त्यांनी या सगळ्यांच्या आधी घेतली आहेत. आमच्यातच बघा ना. दर्ग्याला जाणारा न जाणाऱ्याला कोरडा म्हणतो, न जाणारा जाणाऱ्याला अडाणी ठरवतो. दोघांची नमाज एकाच किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड करून, आणि शेवटचा सलाम फेरून नमाज संपली की नजर पुन्हा दुसऱ्याला मापायला लागते. मला याचं फार वाईट वाटतं.

परळला चहा झाला. तिथून चाचांनी आम्हाला गझालींचाच एक रियाज दिला: समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मनात हिशेब मांडायचा. म्हातारा दिसला तर, यानं माझ्या आधीपासून अल्लाहची बंदगी केली आहे. लहान मूल दिसलं तर, याच्या नावावर अजून गुनाह नाही, माझ्या आहे. विद्वान असेल तर, मला नाही ते याला मिळालंय. अडाणी असेल तर, हा नकळत चुकला, मी कळून. हिंदमाताच्या गर्दीत हे करून बघा. फूलवाला, हमाल, झाडूवाली, कुणीच आपल्या खाली उरत नाही.

कुराणात चालण्याबद्दल इतकं आहे हेही पायी निघाल्यावरच नीट कळतं. लुकमान नावाचे शहाणे गृहस्थ आपल्या मुलाला सांगतात, लोकांपुढे गाल फिरवू नकोस, जमिनीवर ऐटीत चालू नकोस. दुसरीकडे बजावलंय की तू धरती फाडू शकणार नाहीस, उंचीनं डोंगरांना गाठू शकणार नाहीस. रहमानचे, म्हणजे दयाळू अल्लाहचे बंदे कोण, तर जमिनीवर नम्रपणे चालणारे, आणि जाहिल, अडाणी लोक अंगावर आले तर 'सलाम' म्हणणारे.

टिळक पुलावर माझ्या भाचीनं चाचांना अडवलं. तिच्या ऑफिसातला साहेब सगळ्यांसमोर तिचा पाणउतारा करतो. "मग मीही सलाम म्हणून गप्प बसायचं?"

चाचा लगेच बोलले नाहीत. माहीम येईपर्यंत त्यांनी मखदूम बाबांची, म्हणजे मखदूम अली माहिमींचीच गोष्ट काढली. चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा आलिम, म्हणजे धर्मपंडित, अरबीत कुराणाची तफसीर, म्हणजे भाष्य लिहिणारा. लोक मात्र वेगळंच सांगतात. आईनं रात्री पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत तिचा डोळा लागला, आणि हा मुलगा पेला धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. आईबापापुढे नम्रतेचे पंख झुकवा, असं कुराणात आहे, ते हेच.

"पण ते आईपुढे उभे होते," भाची म्हणाली.

"तेच सांगतोय, बेटा. गझाली आजिजीला, नम्रतेला मधल्या जागी ठेवतात. एका बाजूला तकब्बुर, दुसऱ्या बाजूला लाचारी, आणि दोन्ही वाईट. जुलूम झाला तर त्याला तोंड देणाऱ्यांची कुराणात तारीफ आहे." मग दर्ग्याच्या रांगेत चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "तक्रार लिहिलीस का?"

"लिहून ठेवलीय. दिली नाही."

"शिवी नाही ना त्यात?"

"नाही."

"मग सोमवारी देऊन टाक."