हरवलेला लोहित फॉन्ट आणि टर्मिनलवरून लागलेला त्याचा माग

माझ्या घरी डेबियन १२ या लिनक्स कार्यप्रणालीवर चालणारे दोन संगणक आहेत. एकच मराठी पत्र दोन्हींवर उघडले, तेव्हा जुन्या संगणकावर ते लोहित देवनागरी फॉन्टमध्ये नीट दिसले. नव्यावर मात्र अक्षरांचे वळण निराळे होते आणि शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर गेल्या होत्या.

शोध जुन्या संगणकापासून सुरू केला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, 'एफसी-लिस्ट' या फॉन्टची यादी देणाऱ्या कमांडने फॉन्टच्या फाइलचा पूर्ण पाथ (ती कोठे ठेवली आहे तो पत्ता) दिला. ती फाइल कोणत्या पॅकेजमधून (एकत्र बसवल्या जाणाऱ्या फाइलींच्या संचातून) आली, हे पॅकेजांची नोंद ठेवणारे 'डीपीकेजी' सांगते, पण तेथे मी बराच वेळ अडलो, कारण लहान एस हा पर्याय दिला तर पॅकेजची स्थिती कळते आणि त्यापुढे पॅकेजचे नावच लिहावे लागते, तर मोठा एस दिला तरच फाइलवरून पॅकेज शोधले जाते. हा भेद ध्यानात आल्यावर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे उत्तर लगेच मिळाले.

नव्या संगणकावर पॅकेजे आणून बसवणाऱ्या 'एप्ट' या साधनाच्या 'एप्ट-कॅशे पॉलिसी' या कमांडने हे पॅकेज बसवलेले नाही, परंतु उपलब्ध आहे, असे दाखवले. 'डीपीकेजी'ची नोंद प्रामुख्याने त्या संगणकावर बसवलेल्या पॅकेजांची असते. न बसवलेल्या पॅकेजचे वर्णन आणि अवलंबित्वे (त्याला लागणारी इतर पॅकेजे) 'एप्ट शो' रेपॉझिटरीच्या, म्हणजे पॅकेजांच्या साठ्याच्या, सूचीतून देते, आणि फाइलच्या नावावरून शोधायचे असेल तर 'एप्ट-फाइल' वेगळे बसवून त्याची सूची अद्ययावत करावी लागते.

तरीही हा फॉन्ट पूर्वी तेथे होता, याची मला खात्री होती. एप्टच्या इतिहासाची लॉग फाइल दर महिन्याला बदलते आणि जुन्या फाइली संकुचित होतात, म्हणून संकुचित फाइलींतही शोधणाऱ्या 'झेडग्रेप'ने त्यांत शोधले. मी जागा वाचवण्यासाठी 'फॉन्ट्स-इंडिक' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट एकत्र आणणारे पॅकेज काढले होते आणि नंतर, इतरांसाठी आपोआप आलेली पण आता कोणाला न लागणारी पॅकेजे काढून टाकणारे 'ऑटोरिमूव्ह' चालवले होते. एखादे पॅकेज कोणकोणत्या पॅकेजांना लागते हे दाखवणाऱ्या 'एप्ट-कॅशे आरडिपेंड्स'ने उरलेली कडी जोडली: 'फॉन्ट्स-इंडिक'ने 'फॉन्ट्स-देवा' आणले होते आणि त्याने लोहित, वरचे पॅकेज गेल्यावर खालची दोन्ही निराधार ठरली.

या वेळी लोहितचे पॅकेज थेट नाव देऊन बसवले आणि 'एप्ट-मार्क शोमॅन्युअल'च्या, म्हणजे मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांच्या, यादीत ते आल्याचे पाहून घेतले, म्हणजे 'ऑटोरिमूव्ह' त्याला यापुढे हात लावणार नाही. पत्र पुन्हा एका पानावर बसले.