आमची वाटचाल : नागपुरातून मेंदूच्या डॉपलरची बिलं

आम्ही नागपुरात बसून अमेरिकेतल्या डॉक्टरांची इन्शुरन्सची बिलं करतो. आठ जणांच्या ऑफिसला मोठ्या बिलिंग कंपन्यांशी दरात टक्कर देता येत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षातच कळून चुकलं. बिलाच्या नोंदी, आलेल्या पैशांच्या नोंदी, इन्शुरन्सला फोन ही कामं त्यांच्याकडे ढिगानं होतात आणि ढिगाच्या भावात होतात. मग ‘सगळ्या स्पेशालिटी करतो’ ही भाषा सोडली आणि एका तपासणीला धरून बसलो. ट्रान्सक्रॅनियल डॉपलर, म्हणजे आमच्या बोलण्यातलं टीसीडी.

कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं. तिथून २ मेगाहर्ट्झचा अल्ट्रासाउंड आत सोडला की मेंदूच्या मुख्य धमन्यांत रक्त किती वेगानं वाहतंय ते समजतं. रूने आस्लिड यांनी ही पद्धत १९८२ मध्ये मांडली. मशीन खाटेपाशी नेता येतं, रेडिएशन नाही. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या पेशंटच्या धमन्या पुढच्या दोन आठवड्यांत आकसू शकतात, त्यामुळे आयसीयूत ही तपासणी वरचेवर करावी लागते. काहींच्या कवटीतून मात्र लहरी आत जातच नाहीत. टेक्निशियन बिचारा प्रोब फिरवत राहतो.

आमचं पहिलं मोठं काम ओहायोतल्या एका न्यूरॉलॉजी ग्रुपचं. अमेरिकेत बिलावर प्रत्येक तपासणीचा ठरलेला आकडी कोड टाकावा लागतो. त्यांचे ९३८८६ चे क्लेम, म्हणजे इन्शुरन्सकडे पाठवलेली बिलं, परत येत होते. हा कोड पूर्ण तपासणीचा. मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा उजवा पुढचा भाग, डावा पुढचा भाग आणि मागचा भाग, ज्यात दोन्ही व्हर्टिब्रल आणि बेसिलर धमनी आलीच पाहिजे. तीनपैकी दोन किंवा कमी भाग झाले तर ९३८८८, लिमिटेड. पैशात फरक पडतो. आधीची बिलिंगवाली मंडळी सुपरबिलावर, म्हणजे क्लिनिकनं भरलेल्या कोडच्या यादीवर, जो कोड टिकमार्क केलेला असेल तो टाकून मोकळी व्हायची. आम्ही रिपोर्ट उघडले. एकात पुढच्या भागातल्या मिडल सेरेब्रल धमनीचा वेग, खोली, दिशा सगळं व्यवस्थित, आणि मागच्या भागाबद्दल एवढंच : ‘पोस्टीरियर नॉर्मल’. बेसिलरचं नाव नाही, आकडा नाही. क्लिनिकला विचारलं, तर मशीनमध्ये ८५ मिलिमीटर खोलीवरचा बेसिलरचा वेव्हफॉर्म, म्हणजे रक्तवेगाचा आलेख, सेव्ह केलेला होता. डॉक्टरांनी लिहिला नव्हता, एवढंच. त्यांनी रिपोर्टला पुरवणी जोडली आणि क्लेम पुन्हा गेला. जिथे मशीनमध्येही काही नव्हतं, तिथे आम्ही कोड खाली आणला. ऑफिस मॅनेजरबाई नाराज झाल्या, पण काम आमच्याकडेच राहिलं.

डोकेदुखी, चक्कर एवढ्यावर टीसीडी लावला की बहुतेक वेळा सीओ-५० हा नकाराचा कोड येतो, म्हणजे ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’. यावर अपील लिहून देणारे खूप आहेत. आम्ही आधी फाइल बघतो. आत काही नसेल तर इन्शुरन्सवाल्यांचं बरोबर असतं, हे क्लायंटला सांगायला जीभ अडखळते, पण सांगतो. दवाखान्यादवाखान्यांत मशीन फिरवून सरसकट टीसीडी करणाऱ्या एकानं आम्हाला टक्केवारीवर काम देऊ केलं होतं. रक्कम बघून घरी दोन दिवस चर्चा झाली. नाही म्हटलं. गरज नसलेले टीसीडी आणि रेफरलसाठी कमिशन, अशी प्रकरणं अमेरिकेच्या न्याय खात्यानं कोर्टात नेलेली आहेत. त्या रांगेत नागपूरचं नाव नको.

ज्या कामात जीव रमतो ते सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांचं. विदर्भात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आमची एक कोडर, म्हणजे रिपोर्ट वाचून कोड लावणारी, गडचिरोलीची आहे, तिच्या नात्यातच तो आहे. १९९८ च्या ‘स्टॉप’ अभ्यासात १३० मुलं होती, टीसीडीवर वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त असलेली. नियमित रक्त दिलेल्या मुलांत पक्षाघाताचा धोका ९२ टक्क्यांनी घटला. म्हणून २ ते १६ वर्षांच्या मुलांची ही तपासणी दर वर्षी करायची असते. तरीही एका इन्शुरन्सकडून ‘मागच्या वर्षी झालीच होती’ म्हणून नकार आला. त्या गडचिरोलीच्या कोडरनं अपील लिहिलं, एक पानी, अमेरिकन हेमॅटॉलॉजी सोसायटीच्या २०२० च्या सूचनेसकट. मी म्हटलं, थोडं मवाळ कर. ‘ताई, वर्षातून एकदाच आहे ना ते,’ म्हणाली आणि तसंच पाठवलं. पैसे आले.

अमेरिकेतले तपासण्यांचे हे कोड दर वर्षी १ जानेवारीला बदलतात. २०२५ ला पूर्ण टीसीडीसोबत जोडायचे ९३८९६, ९३८९७ आणि ९३८९८ आले, त्यामुळे डिसेंबरभर आमच्याकडे शाळाच भरली होती. यंदा दोन नवे कोडर घेतोय. नर्सिंग, बी.फार्म., बीएचएमएस, काहीही चालेल. मुलाखतीत कोड विचारत नाही. एक टीसीडी रिपोर्ट हातात देतो आणि यात काय लिहायचं राहिलंय, ते सांगा म्हणतो.