झाबुआ: काळ्या कोंबडीआधी लसीची बाटली

मध्य प्रदेशातल्या झाबुआला जाणाऱ्या बहुतेकांना कडकनाथ कोंबडीचं काळं मांस बघायचं असतं. पिसं काळी, कातडी काळी, चोच-पाय काळे, आतली हाडंसुद्धा काळसर. अंडं मात्र फिकट तपकिरी, आणि ते पाहून पाहुणे हिरमुसतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे महेंद्रसिंग धोनीने इथून पिल्लं मागवल्याची बातमी झाली, आणि या पक्ष्याभोवती एक वलय तयार झालं. आपल्याकडे त्याच नावाची दुसरी आठवण आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात ‘पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच विकत घेतो’ या बोलीवर अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्ष्याला घेणारा एकच होता. तो हटला आणि खुराडी भरलेली राहिली. म्हणूनच ही कोंबडी तिच्या मूळ गावात, कुठल्याही कराराशिवाय, कशी पाळतात ते मला बघायचं होतं.

दाहोद ओलांडल्यावर मेघनगर स्टेशन येतं. तिथून जीपने झाबुआ. प्रवासात सांगण्यासारखं एवढंच की जीपमध्ये माझ्या पायांशी कोंबड्यांची टोपली होती, पाय बांधलेल्या सात-आठ कोंबड्या, कुठल्यातरी हाटाकडे, म्हणजे आठवडी बाजाराकडे, निघालेल्या. या टोपलीचा संबंध पुढे येईल.

पहिला दिवस हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, गेला. कडकनाथची मादी अंड्यांवर नीट बसत नाही. खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, तरी अर्ध्यात उठते. त्यामुळे तिची अंडी एकतर दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवतात नाहीतर यंत्रात. यंत्रात तापमान ३७.५ अंश, पहिले १८ दिवस दमटपणा ५५ ते ६० टक्के, अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची. अठराव्या दिवशी ती उबवणीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवतात, फिरवणं बंद करतात, दमटपणा ७० च्या आसपास नेतात. इथून पुढे दार उघडायचं नाही. आतली वाफ गेली की कवचाखालचा पापुद्रा सुकून चिवट होतो, पिल्लू त्याला चिकटतं आणि टोचा मारलेल्या अंड्यातच गुदमरतं. हे भिंतीवर लिहिलेलं होतं. तरीही फिरायला आलेला एक गट ‘पिल्लू बाहेर येतानाचा फोटो’ हवा म्हणून हटून बसला आणि शेवटी दार उघडायला लावलंच. तिथल्या मुलाने नाही म्हणून बघितलं, पण पाहुण्यांपुढे त्याचं काय चालणार? याचा मला मनापासून राग आला. आपल्या एका फोटोसाठी दुसऱ्याच्या एकवीस दिवसांच्या कामाशी खेळायचा हक्क कुणालाही नाही.

तिथून पिल्लं घरोघर जातात, आणि खरी गळती तिथेच होते. एक दिवसाचं पिल्लू थेट गावात देणं मला चूक वाटतं. त्याला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी चालते. ५० पिल्लांना शंभर वॉटचा एक बल्ब पुरतो, पण फळियात, म्हणजे तिथल्या वस्तीत, वीज रात्रीत कितीदा जाते ते तिथे राहिल्यावरच कळतं. एका घरी मी नीट जमवलेली जागा पाहिली. बांबूच्या ताटीचं गोल कडं, खाली दोन-तीन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले काही दिवस कागद. कडं गोलच हवं. कोपरा असला की गारठलेली पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरून मरतात. थर्मामीटर नव्हता, लागतही नव्हता. पिल्लं बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, कडेला पळून चोची उघडून बसली की उकडतंय, एकाच बाजूला सरकली की दुसरीकडून वारा लागतोय, सगळीकडे पसरली की बरोबर. वीज गेल्यावर ती बाई मडक्यात निखारे घालून, तोंड झाकून, मडकं मधोमध ठेवायची. पण असं घर एखादंच. बाकीच्यांना चार ते सहा आठवड्यांची, लस दिलेली पिल्लंच द्यावीत. महाग पडतात, पण जगतात. वाटपाचे आकडे मोठे दिसावेत म्हणून भर उन्हाळ्यात दिवसाची पिल्लं खोक्यात भरून देण्याला मी मदत म्हणणार नाही.

आता ज्या सकाळसाठी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याबद्दल.

भिल्ल वस्ती एका जागी दाटलेली नसते. प्रत्येक घर आपापल्या शेतात, बहुधा टेकाडावर, आणि अशा काही घरांची मिळून एक फळिया. अशाच एका फळियात एक पशुसखी, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी घेणारी बाई, राणीखेतची लस द्यायला निघाली होती आणि तिने मला सोबत येऊ दिलं. राणीखेत म्हणजे आपल्याकडची मानमोडी. हिरवट पातळ विष्ठा, घरघर, पंख गळणं, मग मान पिळवटणं. लस नसलेल्या कळपात हा रोग शिरला तर खुराडं अक्षरशः रिकामं होतं, आणि त्यावर औषध नाही. म्हणजे जे काही करायचं ते आधीच. उन्हाळा लागण्याआधी एक फेरी आणि सहा महिन्यांनी दुसरी, असा तिचा क्रम.

लस महाग नाही. अडचण बाटलीची आहे. लहानातली लहान बाटली शंभर मात्रांची, आणि फोडली की तास-दोन तासांत संपवायची. घरी आठ कोंबड्या असलेली बाई शंभर मात्रांची बाटली आणून काय करणार? म्हणून पशुसखी आधी मोजते. फळियात सत्तर-ऐंशी पक्षी निघाले तर एक बाटली, तीसच निघाले तर शेजारची फळिया जोडून घ्यायची. आठवडाभर आधी जंताचं औषध पाजून झालेलं असतं, कारण जंतांनी पोखरलेल्या पक्ष्यात लस नीट लागत नाही. आदल्या संध्याकाळी दारोदार निरोप: उद्या उजाडलं तरी खुराडं उघडू नका. मोकळी सुटलेली गावठी कोंबडी माणसाच्या हाती लागत नाही.

अंधारातच निघालो. तिच्याकडे बर्फाचा थर्मास, त्यात लसीची बाटली आणि ५० मिलिलिटर सलाईन. सिरिंज आणि सुया पाण्यात उकळून गार केलेल्या. स्पिरिट लावायचं नाही, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे आणि स्पिरिटने ती मरते. बाटली तिने पहिल्या घराच्या ओसरीवर पोहोचल्यावरच उघडली. पाच मिलिलिटर सलाईन आत सोडलं, आतली लसीची सुकी गोळी विरघळेपर्यंत बाटली हलकेच फिरवली, ते परत सलाईनमध्ये मिसळलं आणि बाटली पुन्हा बर्फात. दर वेळी सिरिंजमध्ये पाच मिलिलिटरच ओढायचं. अर्ध्या मिलिलिटरची मात्रा, म्हणजे दहा पक्षी. सिरिंज हातात असते तेवढा वेळ लस तापते, म्हणून जास्त भरून ठेवायची नाही. घरातल्या मुलाने कोंबडी धरायची, पंख वर करायचा, आणि पंखाखालच्या सैल कातडीत सुई.

प्रत्येक दारात आधी एकच चौकशी: कुणी मरगळलंय का, हिरवी विष्ठा दिसली का? ‘हो’ आलं तर त्या घरी सुई नाही. रोग आत शिरलेला असताना लस दिली तर पक्षी वाचत नाहीत, उलट सुईने रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. सहा आठवड्यांखालच्या पिल्लांनाही ही सुई नाही. त्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी डोळ्यात एक थेंब टाकायची सौम्य लस आहे, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी आणि पुन्हा चौथ्या आठवड्यात. पाण्यातून ती देता येते, पण फळियात ते फोल. कोंबड्या डबक्यातलं, गुरांच्या टाकीतलं, कुठलंही पाणी पितात, मग कुणी किती लस प्यायली हे कसं कळणार? अंड्यांवर बसलेली एक खुडूक कोंबडी तिने उठवली नाही. तिची पाळी पुढच्या फेरीत.

एका घराहून दुसऱ्या घरी जायला टेकाड उतरायचं, नाला ओलांडायचा, परत चढायचं. तास सरकत होता. एका घरी पोरांनी आधीच दार उघडलं होतं, सहा कोंबड्या शेतात पसरलेल्या. त्या सोडून पुढे जावं लागलं. शेवटच्या घरी पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि बाटलीत बऱ्याच मात्रा उरल्या होत्या. त्या सहा कोंबड्यांच्या घरची म्हातारी चालत आली. म्हणाली, “बाई, उरलेली राहू दे ना. संध्याकाळी कोंबड्या घरी येतील, तेव्हा टोच.” पशुसखीने मान हलवली आणि तिच्यासमोर उरलेलं औषध चुलीतल्या आगीत ओतलं.

म्हातारीच्या चेहऱ्यावरची नाराजी स्पष्ट होती. पैशाची वस्तू डोळ्यांदेखत जळाली. पण संध्याकाळी त्या बाटलीत नुसतं खारट पाणी उरलं असतं. ते टोचलं तर कोंबडीला काही होत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. घराची मात्र समजूत होते की लस झाली. मग मानमोडी येते, कोंबड्या मरतात, आणि गाव म्हणतं की लसच खोटी. त्यानंतर त्या टेकाडावर पहाटे खुराडं बंद ठेवायला कुणी तयार होत नाही. पशुसखी म्हातारीला हे पुन्हा पुन्हा समजावत राहिली, आणि त्या सहा कोंबड्या पुढच्या फळियाच्या बाटलीत धरायचं कबूल करून निघाली. मिळकत वाढवायच्या योजनांत जाती, यंत्रं, अनुदान यांची चर्चा खूप होते. या बाईची ती ओतलेली लस मला त्या सगळ्याहून महत्त्वाची वाटते.

रोग थोपवला की पुढचं गणित सोपं होतं. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते, २१ दिवस बसते, मग पिल्लांमागे दोन-तीन महिने फिरते. तेवढे दिवस अंडी बंद. पिल्लं तीन-चार आठवड्यांत वेगळी केली, रात्री आईपासून दूर उबेत ठेवली, तर ती लवकर परत अंड्यावर येते आणि वर्षात एक-दोन उबवण्या जास्त मिळतात. दिवसा पिल्लं डालग्याखाली ठेवायची, म्हणजे घार आणि मुंगूस दोन्ही टळतात. मक्याचा भरडा त्यांच्यापुढेच ठेवायचा, म्हणजे मोठ्या कोंबड्या तो फस्त करत नाहीत. उबवायची अंडी सात दिवसांहून जुनी नकोत, ती धुवायची नाहीत, टोक खाली करून गार जागी ठेवायची. दहा माद्यांमागे एक कोंबडा, आणि तो वर्षा-दीड वर्षाने दुसऱ्या गावातून बदलायचा, नाहीतर आपल्याच लेकींशी जुगून पिल्लं किरटी निघतात. रात्रीचं खुराडं जमिनीपासून तीन फूट उंच, बांबूच्या फटींचा तळ, विष्ठा खाली पडते आणि झाडून शेतात जाते. मोठ्या पक्ष्याला एक चौरस फूट पुरे.

कडकनाथ वीस आठवड्यांत जेमतेम किलोच्या आसपास जातो, वर्षाला ऐंशी-शंभर अंडी देतो. विकतचं खाद्य घालून बंदिस्त पाळला तर या वेगात खर्च भरून येणं कठीण. अंगणात चरून, किडे-दाणे खाऊन, संध्याकाळी मूठभर मका मिळाला तर मात्र तो परवडतो. आणि तो पैसा बाईच्या हातात राहतो, कारण कोंबड्या तिच्या. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींहून जास्त भरल्या. त्यातल्या बहुतेकींची खरी मालकीण अशीच एखादी बाई असणार.



हाटात मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. घरातला एक पक्षी मरगळला की लोक बाकीचे घाईने हाटात नेतात. घेणारा ते त्याच संध्याकाळी आपल्या कळपात सोडतो. घरं इतकी दूर असूनही मानमोडी फळियांमधून फिरते ती अशीच, जीपमधल्या त्या टोपलीतून. नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा, दुसऱ्याच पाण्यावर ठेवायचा, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

तुम्ही जाणार असाल तर हे स्वतःलाही लागू आहे. चपलेला लागलेल्या विष्ठेतून रोग जातो. आधी साबणाच्या पाण्याने चिखल पूर्ण खरवडून काढा, मगच जंतुनाशक लावा, घाणीवर ते काम करत नाही. एका दिवसात दोन कळपांत जाऊ नका. हॅचरी पहिल्या दिवशी, स्वच्छ कपड्यांत. मग फळिया, तीही बोलावलं तर. हाट परतीची गाडी पकडायच्या आधी, सगळ्यात शेवटी.