सल्लसुत्त लावताना

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ असे निदान केले, व्यायाम लिहून दिले आणि हा खांदा मोकळा व्हायला वर्षभरही लागू शकेल, याची कल्पना दिली. त्याच सुमारास मी संध्याकाळच्या पाली प्रमाणपत्र वर्गात नाव नोंदवले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येईल, असे तेव्हा वाटले नव्हते.

वर्षाच्या उत्तरार्धात वर्गाच्या बाईंनी प्रत्येकाला एक सुत्त, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथांतला एक उपदेश, वाटून दिले. छापील अनुवाद न पाहता, एकेक पद लावून ते मराठीत आणायचे होते. माझ्या वाट्याला संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहाच्या वेदनासंयुत्त या विभागातील सल्लसुत्त आले. ते जेमतेम दोन-तीन पानांचे आहे, परंतु मला सात आठवडे लागले. बौद्ध साहित्याचे अभ्यासक, गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी सिलोनपर्यंत गेले आणि पुढे १९१२ पासून त्यांनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. मला फक्त दोन बस बदलाव्या लागत, आणि तरीही मी कुरकुरत असे.

व्याकरणाने फारसे छळले नाही. शाळेतल्या संस्कृतमुळे विभक्त्या ओळखीच्या होत्या आणि मराठीप्रमाणे पालीतही द्विवचन नाही, हा मोठाच दिलासा होता. अडले ते ओळखीच्या शब्दांपाशी. ‘सुखम्पि वेदनं वेदयति’ या पहिल्याच वाक्यात मी ‘वेदना’ म्हणजे दुखणे असे धरले आणि सुखाचे दुखणे कसले, या प्रश्नावर संपूर्ण रविवार घालवला. बाईंनी वहीत त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि सांगितले, की पालीत वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही आणि या दोन्हींपैकी नसलेलीही. मराठीने त्यांतली एकच ठेवून घेतली.

सुत्तातला दृष्टान्त साधा आहे. एखाद्या माणसाला बाण लागावा आणि पाठोपाठ दुसराही लागावा, तसे धर्म न ऐकलेल्या सामान्य माणसाचे होते. दुःखाचा स्पर्श झाला की तो ‘सोचति किलमति परिदेवति उरत्ताळिं कन्दति’. पहिले तीन शब्द म्हणजे शोक करतो, थकतो, विलाप करतो. पुढच्या ‘उरत्ताळिं कन्दति’साठी मी कोश उघडणार होतो, इतक्यात लक्षात आले की हे आपले ऊर बडवून रडणेच आहे. ‘सल्ल’ म्हणजे बाण. मनात काही सलते असे आपण म्हणतो, त्यातला ‘सल’ही हाच. अशा माणसाला दोन वेदना होतात, कायिक आणि चेतसिक, म्हणजे शरीराची आणि मनाची. ज्याने धर्म ऐकला आहे, त्याला एकच होते, कायिक. पहिला बाण टळतो असे सुत्त कुठेही म्हणत नाही, आणि याच कारणाने माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मला अधिक झोंबले ते त्यापुढचे वाक्य. दुःखाने स्पर्श केलेला हा माणूस इंद्रियसुखाकडे वळतो, कारण दुःखातून सुटण्याची दुसरी वाट त्याला ठाऊक नसते. हे वाक्य मी लावले ती रात्र मला आठवते. आखडलेला खांदा रात्री अधिक ठणकतो. दोनच्या सुमारास जाग आली की मी डाव्या हाताने मोबाइल उचलत असे आणि पदार्थांच्या चित्रफिती एकामागून एक पाहत राही. त्या पाहण्यात गोडी नव्हती, केवळ पळवाट होती. त्या रात्री मोबाइल उशाशीच ठेवून मी ठणका नेमका कुठे सुरू होतो, दंडात कुठवर उतरतो आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा विचार केव्हा येऊन चिकटतो, एवढेच पाहिले. ठणका कमी झाला नाही. विचार मात्र वेगळा दिसला, आणि तो खांद्यात नव्हता. पुढच्या रात्री मी पुन्हा चित्रफिती पाहिल्या, हेही सांगितले पाहिजे; तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नानंतर कुठे थोडी सवय जडली.

वर्गात मी शंका काढली, की हे तोंड दाबून सोसण्यासारखेच नाही का? बाईंनी उत्तर न देता मज्झिमनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहातील सेखसुत्त वाचायला सांगितले. कपिलवत्थूच्या नव्या सभागृहात रात्री बराच वेळ शाक्यांना उपदेश केल्यावर बुद्ध पुढचे बोलण्याचे काम आपला शिष्य आनंद याच्यावर सोपवतात आणि म्हणतात, ‘पिट्ठि मे आगिलायति, तमहं आयमिस्सामि.’ पाठ भरून आली आहे, ती जरा लांब करतो. मग ते संघाटीची, म्हणजे भिक्षूच्या वरच्या वस्त्राची, चौपदरी घडी अंथरून उजव्या कुशीवर पहुडतात. मला त्या कुशीवर अजून झोपता येत नाही. हात मात्र आता कानाच्या वरपर्यंत जातो.