एकच प्रत निघणार, तर छापायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी मोनोटाइप, म्हणजे काचेवर शाईने चित्र काढून ते कागदावर छापायची रीत, शिकते आहे म्हटलं की दांडिया बाजारातल्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: चित्राची एकच प्रत निघणार असेल, तर सरळ कागदावरच का रंगवत नाहीस?

बडोद्यात हा प्रश्न पडणारच. छापायचं ते पुष्कळ प्रतींसाठी, हे आपल्या मनात पक्कं आहे. राजा रविवर्मा यांना चित्रांच्या छापील प्रती काढायचा सल्ला दिला तो सर टी. माधवरावांनी, म्हणजे बडोद्याच्या माजी दिवाणांनीच. पुढे १८९४ साली मुंबईत रविवर्मांचा छापखाना निघाला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत पोचल्या. अशा छपाईत मूळ चित्र दगडावर टिकतं. एचिंगमध्ये आम्लाने खाल्लेली रेघ धातूच्या प्लेटवर टिकते. मोनोटाइपच्या प्लेटवर मात्र काहीच कोरलेलं नसतं. गुळगुळीत काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्यावर ओली शाई, बस. शाई कागदावर उतरली की प्लेट जवळजवळ रिकामी.

मग कागदावर का नाही? कारण कागद रंग पितो, काच पीत नाही. काचेवरची शाई शेवटच्या क्षणापर्यंत पुसता येते, सरकवता येते. म्हणून इथे पुसण्यानेच चित्र काढता येतं, आणि मला तीच रीत मनापासून आवडते. सगळी प्लेट रोलरने काळी करायची आणि चिंधीने, कापसाच्या काडीने, बोटाने उजेड बाहेर काढायचा. रात्रीचा सूरसागर तलाव असा काढून बघा. पाणी काढावंच लागत नाही, ते काळ्यात आधीच असतं. दिव्यांची प्रतिबिंबं तेवढी चिंधीच्या एकेका ओढीने उमटतात. जुन्या सुती साडीचा तुकडा सर्वात चांगला. त्याची वीणसुद्धा छापात दिसते. ब्रशने असा उजेड मला कधी आणता आला नसता.

फ्रेंच चित्रकार देगा यांनी १८७०च्या दशकात याच रीतीने दिव्याच्या उजेडातल्या खोल्या आणि माणसं काढली. पहिल्या छापानंतर प्लेटवर उरलेल्या पुसट शाईचा ते दुसरा छाप घेत आणि त्यावर पेस्टल चढवत. या दुसऱ्या छापाला घोस्ट म्हणतात. त्यामुळे ‘एकच प्रत’ हेही तितकंसं खरं नाही. पण घोस्ट ही पहिल्याची नक्कल नसते. तिचा स्वभावच वेगळा असतो.

दुसरं कारण दाब. दाबाखाली जाड शाई पसरते, पातळ शाई ओलसर कागदाच्या धाग्यांत शिरते, कडा मऊ होतात. किती मऊ होतील हे थोडंफार ओळखता येतं, पूर्ण नाही. कागद उचलेपर्यंत जीव टांगणीला लागतो. चित्र डावं-उजवं उलटून येतं, तेही आधीच धरून चालावं लागतं.

दाब देणारा प्रेस नसला तरी चालतं. पातळ कागद ठेवून पाठीमागून चमच्याच्या फुगीर बाजूने घोटलं तरी छाप येतो. जाड कागद भिजवून, वरचं पाणी टिपून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात तो उघडा राहिला तर बघता बघता वाळतो. शाई उन्हाळ्यात सैल पडते, म्हणून मी सकाळी लवकर बसते. काम झालं की प्लेट आधी खाद्यतेलाने पुसायची, मग साबणाने.

सुरुवात एकाच काळ्या शाईने करा. रंगांचा मोह आवरा, कारण आधी शिकायचं ते शाई किती लावायची हे, आणि ते कानाने कळतं. शाई जास्त झाली की रोलर चिकट, ओला आवाज करतो. बरोबर झाली की बारीक, एकसारखी सळसळ येते. ती ऐकू येईपर्यंत रोलर फिरवत राहा आणि मगच चिंधी हातात घ्या.