जात्याला माईक

लातुरात साउंडचं काम करताना लग्नं, प्रचारसभा, सप्ते, भीमजयंती, उरूस असं बहुतेक सगळं करून झालंय. जात्यासमोर माईक लावायची वेळ मात्र गेल्या कोजागरीलाच आली. वस्तीत कार्यक्रम भरवणाऱ्या पोरांनी आणि त्यांना साउंड देणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्या दिवसाचं वाचावं, असं मनापासून वाटतं म्हणून लिहितोय.

गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. त्यातला एक धरून आत आत जात राहिलं की ही वस्ती लागते. इथं मूळचा लातूरकर सापडणं अवघड. कुणी 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेलं, कुणी 1993 च्या भूकंपानंतर, कुणी आडत बाजारात हमालीला, तर कुणी पोरांच्या शिक्षणासाठी. येताना प्रत्येकानं आपापलं गाणं-बजावणं बरोबर आणलं. त्यामुळं एका गल्लीत देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांचा मेळा आहे, दुसरीत हलगीवाले, मशिदीमागं कव्वालीची पार्टी, बुद्धविहाराजवळ भीमगीतांची गायनपार्टी, आणि गुरुवारचं भजन तर सगळ्यांचंच. अलीकडं त्यात पोरांच्या खासगी होस्टेलांची भर पडलीय. नांदेड, हिंगोली, परभणीकडची पोरं डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला लातूरला येतात आणि दोन खाटांच्या खोलीत दोन वर्षं काढतात.

मंडळाच्या पोरांनी ठरवलं, या वर्षी बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणायचा नाही. वस्तीतल्याच माणसांचा कार्यक्रम करायचा, शाळेच्या पटांगणात. ऐकूनच मला बरं वाटलं. पण लगेच एक जण म्हणाला, "काका, साउंड मात्र दिसायला पाहिजे बघा. टॉप-बेसची भिंतच लावा दोन्हीकडं."

मी नाही म्हणालो. पटांगणाच्या तिन्ही बाजूंना घरं, चौथ्या बाजूला होस्टेल. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा घालतात. सार्वजनिक जागी भोंगा लावला तर त्या जागेच्या हद्दीवर त्याहून 10 डेसिबल वर चालतं, म्हणजे 65. रात्री 10 ला बंद. हे आकडे आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतात, पाळतात थोडे. मला नियमापेक्षाही दुसरी काळजी होती. संबळ, हलगी, दिमडी, आराध्यांच्या बायांचे गळे हे सगळं चौकात, दारात, देवीच्या पायरीवर घडलेलं. समोर पन्नास-शंभर माणसं, तीही हाताच्या अंतरावर. त्याला दहा हजारांच्या सभेचा साउंड लावला की वाजवणारा स्वतःच बिचकतो. त्याच्या कानावर त्याचं वाजवणं परकं होऊन येतं, मग तो जोर लावतो आणि बोल बिघडतो. हे मी कितीतरी चांगल्या वादकांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

तेव्हा चार लहान बॉक्स, पटांगणाच्या चार अंगांना, तोंडं आतल्या बाजूला. आवाज प्रत्येकाच्या जवळ जाईल, पण हद्दीबाहेर जाणार नाही. पोरांना ते फारसं पटलं नव्हतं.

खरा प्रश्न ओव्यांचा होता. वस्तीतल्या पाच-सहा म्हाताऱ्या बायांना जात्यावरच्या ओव्या येतात हे सगळ्यांना माहीत. आदल्या आठवड्यात पोरांनी त्यांना बोलावून घेतलं, मी माईक लावून दिला. एका आजीनं दोन ओळी म्हटल्या आणि ती थांबलीच. दुसरीचंही तेच. पोरांना वाटलं, लाजायल्यात. त्यांच्यात एक किल्लारीच्या मावशी म्हणून आहेत. नाव सगळे विसरलेत, गावच नाव झालंय. त्या म्हणाल्या, "हात रिकामं असल्यावर तोंडात काय येतंय, लेकरा?"

मला ते लगेच समजलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांना घेऊन महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातलं काही ध्वनिमुद्रण मी ऐकलेलं होतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यात आहेत. अशा गाण्याखाली जात्याची घरघर चालू असते आणि गाणारी तिच्यावर रेलून गाते. जातं काढून घेतलं की गाण्याचा आधारच जातो.

"मग जातंच आणू," मी म्हणालो.

किल्लारीच्या मावशींच्या परसात एक जातं उलटं पडलेलं होतं, त्यावर पाण्याची बादली ठेवायचे. भूकंपात पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून त्यांनी ते काढून आणलेलं. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती बुडवून माणसं नुकतीच निजलेली. त्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे 10 हजार माणसं गेली. मावशींचं घर दगड-मातीचं, माळवदाचं. भिंती आत कोसळल्या. भांडी चेपली, पेटी फुटली, जात्याची मात्र पाळही उडाली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग पुनर्वसनातल्या घरात ते त्यांच्याबरोबर राहिलं, पुढं लेकाकडं लातूरला आलं. गिरणी कोपऱ्यावर असल्यावर दळायला कोण बसतंय?

तळी घासून गुळगुळीत झालेली. तसं जातं दाणा भरडत नाही, नुसतं घसरतं. टाकी लावणारा, म्हणजे तळ्या पुन्हा खरबरीत करून देणारा माणूस शोधण्यात पोरांचे दोन दिवस गेले. एक वडार बाबा भेटले, त्यांनी कार्यक्रमाच्या सकाळी उन्हात बसून छिन्नीनं दोन्ही तळ्या टाकवून दिल्या. खुंटा नवा ठोकला. दुपारी चौघांनी ते रिक्षात घालून पटांगणात आणलं.

पोरं ते स्टेजवर चढवायला लागली तेव्हा मी अडवलं. स्टेज लाकडी, खालून पोकळ. त्यावर जातं फिरवलं तर सगळी फळीच ढोल होऊन बसेल. जमिनीवर पोतं अंथरलं, त्यावर जातं, भोवती सतरंज्या. लोकांना तिन्ही बाजूंनी जवळ बसवलं. दोन आज्या समोरासमोर, एकेक हात खुंट्यावर. त्यांच्या छातीच्या उंचीवर दोन कंडेन्सर माईक (हे बारीक आवाजही टिपतात), बुटक्या स्टँडवर, त्यांच्या नजरेत येणार नाहीत असे बाजूला. तिसरा माईक जात्याजवळ, खाली.

माझ्याबरोबरचा पोरगा हुशार आहे. त्यानं हात मिक्सरवर नेऊन खालचा आवाज कापायला घेतला. कुठल्याही कार्यक्रमात घरघर आली की आम्ही तेच करतो. मी त्याला थांबवलं. आधी ऐक म्हणालो. मूठभर ज्वारी वैरली की जातं जड बोलतं. दाणा सरत आला की आवाज चढतो, थोडा खडखडतो, तेव्हा बाई पुन्हा वैरते. ओवीची ओळ बरोबर त्या दोन वैरणींच्या मध्ये बसते. श्वास कुठं घ्यायचा, दुसरीनं ओळ कुठं उचलायची, हे सगळं जातं सांगतं. ते कापून नुसता गळा वर आणला असता तर ते ओवीसारखं काहीतरी झालं असतं. आम्ही जातं गळ्याच्या जरासं खाली ठेवलं आणि मग मिक्सरला हात लावला नाही.

हवा दमट होती. हलगीवाल्यांनी शाळेच्या भिंतीआड पाचट पेटवून हलग्या शेकून घेतल्या. त्यांना माईक दिलाच नाही, गरजच नव्हती. संबळाच्या दोन्ही अंगांना मात्र एकेक माईक दिला, कारण एक अंग बारीक बोलतं आणि दुसरं खर्जात, एकाच माईकवर दुसरं दबून जातं. आराध्यांनी आईचं गाणं लावलं तेव्हा दोघी-तिघींच्या अंगात आलं. कव्वाली पार्टीची पेटी सुरात नव्हती, भजनी मंडळानं आपली पेटी दिली. भीमगीतांना सगळं पटांगण टाळ्या धरत होतं. या सगळ्यावर लिहिण्यासारखं आहे, पण मला जात्यापाशी यायचंय.

साडेआठच्या सुमारास आज्या बसल्या. पहिल्या ओव्या देवाच्या, मग भावाच्या, मग सासरच्या. लोक हळूहळू पुढं सरकायला लागले. किल्लारीच्या मावशींनी दुष्काळाची ओवी घातली:

बहात्तरच्या सालात, न्हाई आभाळात पानी
खडी फोडून फोडून, माझी सरली गं गानी

आणि लगेच:

सुकडीचा घास बाई, घातला गं लेकराला
पदर बांधला पोटाला, हात लावला दगडाला

बसलेल्यांत दुष्काळी कामाच्या त्या खडीवर राबलेले, मदतीची ती सुकडी खाल्लेले म्हातारे होते. एकानं डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात होस्टेलच्या गॅलरीतून आवाज आला, "काका, आवाज वाढवा ना, ऐकू येत नाहीये." संध्याकाळी हीच पोरं उद्या टेस्ट आहे म्हणून तक्रार घेऊन आली होती. मी हात वर करून खाली यायची खूण केली. आली. चपला काढून सतरंजीच्या कडेला बसली, एकाच्या हातात जीवशास्त्राची वही होती. आवाज मी वाढवला नाही. हद्दीवर मीटर साठच्या आसपास होतं आणि ते तिथंच राहायला हवं होतं.

मग मावशींनी एक ओवी घातली. ती कुणी सांगितली नव्हती, ठरलेल्या यादीतही नव्हती. भूकंपाच्या पहाटेची होती. त्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं. समोरच्या आजीनं ओळ उचलायची असते, तिला ती उचलता आली नाही. पण तिचा हात खुंट्यावरून सुटला नाही, जातं फिरत राहिलं, आणि मावशींनी तीच ओळ पुन्हा एकट्यानं म्हटली. ती ओवी मी इथं लिहिणार नाही, त्याचं कारण पुढं येतंय.

दहाला पाच कमी असताना सगळं बंद केलं. मसाला दूध वाटलं. मंडळाची पोरं माझ्याकडं धावत आली. "काका, रेकॉर्डिंग झालंय ना? भूकंपाची ओवी तेवढी कापून द्या, आत्ताच टाकतो. लाखात जाईल बघा." उत्साह खरा होता, त्यांना वाईट म्हणत नाही. वस्तीचं नाव व्हावं हीच त्यांची इच्छा. पण मी म्हणालो, आधी मावशींना विचारू.

सकाळी विचारलं. मावशी म्हणाल्या, "बाकीच्या वव्या दे सगळ्यास्नी. ती येक नगं. ती माज्या भैनीची हाय."

"मावशी, निदान तुमच्यासाठी तरी एक प्रत ठेवू का?"

"मला पाठ हाय की."

मी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि ती ओवी काढून टाकली, मूळ फाइलमधूनही. माझ्याबरोबरचा पोरगा हळहळला. एका पोरानं तर स्पष्ट विचारलं, असं दुर्मीळ काही पुसणं बरोबर आहे का? प्रश्न प्रामाणिक होता. ओव्या जपायलाच हव्यात, माझं त्यावर दुमत नाही. पण ज्यांनी त्या लाखभर ओव्या जपल्या त्यांनी गाणारीचं नाव, गाव लिहून, तिच्याजवळ बसून जपल्या. आम्ही एक बाई दुःखात बोलली ती तीस सेकंदं उचलून गावभर फिरवणार होतो. तिला विचारल्याशिवाय तो अधिकार आम्हाला कुणी दिला? तिनं तो कार्यक्रमाला दिला होता, समोर बसलेल्यांना दिला होता. फोनमधल्या अनोळखी माणसांना दिला नव्हता.

फोनवर काढलेलेही होतेच. मंडळाच्या पोरांनी, आणि हे मला फार आवडलं, दारोदार जाऊन सांगितलं. दोघांनी समोर काढून टाकलं. एकीनं स्टेटसला लावलं होतं, तिनंही काढलं. बाकीच्या ओव्या मी पेनड्राइव्हवर घालून पाचही घरी दिल्या, प्रत्येकीवर गाणारीचं नाव आणि मूळ गाव घालून.

मंडळानं आता दोन गोष्टी लिहून ठेवल्यात. कलाकाराचं मानधन साउंड आणि मंडपाच्या आधी द्यायचं. आणि काय टाकायचं, काय नाही, हे गाणाऱ्याला विचारूनच. पुढच्या कोजागरीला दोन जाती मांडायची मागणी आज्यांनीच केलीय. आराध्यांच्या मेळ्यातल्या दोघींनाही ओव्या येतात, त्यांना दुसरं जातं लागणार. दुसरं जातं औशाकडं एका घरी आहे, तेही असंच गुळगुळीत झालेलं. आपले वडार बाबा दिवाळीनंतर कामाला पुण्याकडं जातात, म्हणून यंदा टाकीचं काम आधीच उरकून घ्यायचंय. कंडेन्सर माईक चार लागतील, दोन मला भाड्यानं आणावे लागतील. भिंतीसारखा साउंड मात्र या वेळी कुणी मागितलेला नाही.